घरांची गणती आणि माणसांची गणती : इंग्लंडांतील लोकसंख्येचा एक वाद (इ. स. १७७९–१८०१)

१. वादाचा विषय

एखाद्या राष्ट्राची प्रजा वाढत आहे कीं घटत आहे, हा प्रश्न प्रथमदर्शनीं सोपा वाटतो. माणसें मोजलीं कीं उत्तर मिळालें, असें कोणासहि वाटेल. परंतु अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत, इंग्लंडसारख्या दप्तरें जपून ठेवणाऱ्या देशांत, ह्याच प्रश्नावर विद्वानांचे दोन तट पडले होते. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, इ. स. १६८८ च्या राज्यक्रांतीपासून नव्वद वर्षांत देशाची लोकसंख्या जवळजवळ चतुर्थांशानें घटली. दुसऱ्याचें म्हणणें, ती पुष्कळच वाढली. दोन्ही पक्षांचे लोक प्रामाणिक, गणित जाणणारे व पुराव्याची चाड बाळगणारे होते. तरीहि एका पक्षाचा निर्णय साफ चुकला. आणि ज्या पक्षाचा निर्णय बरोबर ठरला त्यासहि वाढीचें खरें कारण उमगलें नाहीं. तें कळावयास पुढें दोनशें वर्षें लागलीं.

लोकसंख्येचे वाद आजहि संपलेले नाहींत. कोठें जन्म फार होतात म्हणून चिंता, तर कोठें फार थोडे होतात म्हणून चिंता, असें चाललेलेंच आहे. परंतु प्रस्तुत लेखांत त्या चिंतांचा निवाडा करण्याचा उद्देश नाहीं. एकाच राष्ट्रांत वीस-पंचवीस वर्षांच्या आंत ही चिंता एका टोकापासून दुसऱ्या टोकास कशी गेली, आणि तिच्या बुडाशीं कोणत्या प्रकारचे कागद होते, एवढेंच येथें दाखवावयाचें आहे. जुने कागद चाळणाऱ्या अभ्यासकांस ही हकीकत उपयोगी पडेल अशी आशा आहे.

२. पूर्वपीठिका

त्या काळीं प्रजेची वाढ हें राज्याच्या सुस्थितीचें गमक समजलें जात असे. प्रजा पुष्कळ असली म्हणजे शेताला हात, सैन्याला शिपाई व खजिन्याला कर मिळणार, असा सरळ हिशोब होता. त्यामुळें भीति वाटे ती प्रजा फार वाढण्याची नव्हे, तर घटण्याची. फ्रान्सांत माँतेस्क्यूनें १७२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या पत्ररूप ग्रंथांत, प्राचीन काळाच्या मानानें जग ओस पडत चाललें आहे, असें प्रतिपादन केलें होतें. उलट स्कॉटलंडांत डेव्हिड ह्यूमनें १७५२ सालीं निबंध लिहून प्राचीन राष्ट्रांच्या अफाट लोकसंख्येच्या कथांविषयीं शंका प्रदर्शित केली. म्हणजे वाद अनेक देशांत चालू होता. नव्हता तो फक्त भरंवशाचा आंकडा.

इंग्लंडांत तोंपर्यंत देशव्यापी शिरगणती कधीं झालीच नव्हती. १६९६ सालीं ग्रेगरी किंग ह्यानें करांच्या यादींवरून, इंग्लंड व वेल्स मिळून सुमारें ५५ लक्ष लोक असावेत, असा अजमास केला होता. पुढें १७५३ सालीं टॉमस पॉटर ह्या सभासदानें पार्लमेंटांत शिरगणतीचें बिल आणलें. त्यावर यॉर्कचा सभासद विल्यम थॉर्न्टन ह्यानें जोराचा हल्ला चढविला. माणसें मोजणें म्हणजे इंग्रजी स्वातंत्र्याचा उरलासुरला अंशहि नाहींसा करणें होय, असा त्याचा रोख होता. मोजणीच्या मागून नवे कर व सक्तीची सैन्यभरती येईल, शत्रूस आपलें दुबळेपण कळेल, अशा शंकाहि निघाल्या. दावीद राजानें प्रजा मोजली म्हणून देशावर महामारी आली, ही बायबलांतील कथा तर लोकांच्या मनांत होतीच. बिल कॉमन्स सभेंत मंजूर झालें, पण लॉर्डांच्या सभेंत तें बारगळलें. स्वीडनांत १७४९ पासूनच धर्मोपदेशकांमार्फत प्रजेची नोंद होऊं लागली होती. इंग्लंडांत मात्र आणखी अर्धें शतक नुसत्या अजमासावर भागवावें लागलें.

३. डॉ. प्राइस ह्याचा सिद्धान्त

रिचर्ड प्राइस हा लंडननजीक न्यूइंग्टन ग्रीन येथील, राजमान्य चर्चपासून फुटून निघालेल्या पंथाचा उपदेशक होता. गणितांत त्याची योग्यता मोठी होती. बेझ ह्याचा संभाव्यतेवरील प्रसिद्ध निबंध त्याच्या मरणानंतर १७६३ सालीं प्रकाशांत आणला तो प्राइसनेंच. आयुष्याचा विमा व वर्षासनें ह्यांच्या हिशोबावर त्याचा ग्रंथ १७७१ सालीं निघाला होता. अशा माणसानें १७७९ सालीं प्रथम एका ग्रंथाची पुरवणी म्हणून, व पुढील वर्षीं स्वतंत्रपणें, इंग्लंडच्या लोकसंख्येवर निबंध प्रसिद्ध केला, तेव्हां तो सर्वांस गंभीरपणें घ्यावा लागला.

त्याचा पुरावा मुख्यतः घरांचा होता. सतराव्या शतकांत इंग्लंडांत चुलींवर कर असे; तो १६८९ सालीं रद्द झाला. ह्या चूलपट्टीच्या दप्तरावरून १६९० च्या सुमारास देशांत १३ लक्षांवर घरें होतीं असें निघत होतें. पुढें खिडक्यांवर कर बसला. त्याच्या अंमलदारांनीं १७७७ सालीं दिलेला घरांचा आंकडा सुमारें ९ लक्ष ५३ हजार इतकाच होता. दरघरीं पांचांहून किंचित् कमी माणसें धरलीं, तर लोकसंख्या ५० लक्षांच्या आंत येते. म्हणजे क्रांतीच्या वेळच्या मानानें राष्ट्राचा सुमारें चौथा हिस्सा नाहींसा झाला होता!

ह्याचीं कारणेंहि प्राइसनें दिलीं. लहान शेतें मोडून मोठ्या शेतकऱ्यांच्या हातीं जात आहेत. गायरानांस कुंपणें पडत आहेत. खेड्यांतील कुटुंबें उठून लंडनसारख्या शहरांत जात आहेत, आणि तेथें जन्मांपेक्षां मृत्यु अधिक. शिवाय युद्धें, देशांतर, चैन व करांचा बोजा. ह्यांपैकीं पुष्कळ गोष्टी खऱ्या होत्या. लंडनच्या मृत्युपत्रकांत बाप्तिस्म्यांपेक्षां दफनें जास्त असत, हें कोणीहि पडताळून पाहूं शकत असे. त्यांतच अमेरिकेचें युद्ध चालू होतें, आणि प्राइस हा अमेरिकनांचा उघड पक्षपाती. १७७६ सालीं त्यानें त्यांच्या बाजूनें पुस्तक लिहिलें होतें. तेव्हां राष्ट्र खचत आहे असें त्यानें म्हणणें, हा कारभारावरच ठपका होता. वादास तिखटपणा आला तो ह्यामुळें.

४. प्रतिपक्षाची तपासणी

१७८१ सालीं प्राइसला दोन महत्त्वाचीं उत्तरें मिळालीं. एक विल्यम वेल्स ह्याचें. हा ज्योतिषी कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीवर गेलेला असून नंतर लंडनच्या क्राइस्ट्स हॉस्पिटल शाळेंत गणित शिकवीत असे. दुसरें उत्तर जॉन हौलेट ह्या एसेक्स प्रांतांतील पाद्र्याचें. दोघांनींहि चर्चांच्या वह्या हातीं घेतल्या. आठव्या हेन्री राजाच्या कारकीर्दींत, १५३८ सालीं, टॉमस क्रॉमवेलच्या हुकुमानें प्रत्येक पॅरिशमध्यें बाप्तिस्मा, विवाह व दफन ह्यांची नोंद ठेवण्याचा प्रघात पडला होता. जुन्या काळच्या बाप्तिस्म्यांशीं अलीकडचे ताडून पाहतां बहुतेक ठिकाणीं ते वाढलेले दिसत होते.

परंतु ह्याहून मोलाचें काम म्हणजे प्राइसच्या कागदांची त्यांनीं व पुढील टीकाकारांनीं केलेली परीक्षा. पहिला आक्षेप असा कीं, दोन्ही यादींत ‘घर’ ह्या शब्दाचा अर्थ एक नाहीं. चूलपट्टीची आकारणी बिऱ्हाडवार होत असे. एका इमारतींत तीन बिऱ्हाडें असलीं तर नोंदी तीन होत. खिडक्यांच्या कराची यादी इमारतींची. बिऱ्हाडांच्या संख्येंतून इमारतींची संख्या वजा करून जी तूट येईल ती प्रजेची तूट नव्हे.

दुसरा आक्षेप याहून सूक्ष्म आहे. खिडक्यांच्या करांतून गरिबांच्या झोपड्यांस माफी असे. अशा झोपड्यांचा आंकडा अंमलदार सरकारांत पाठवीत खरा. पण ज्या घरापासून एक पैहि मिळावयाची नाहीं, त्याच्या दारापर्यंत चिखल तुडवीत जाण्याची तसदी कोण घेणार? मजुरांचीं बिऱ्हाडें जसजशीं वाढत गेलीं तसतशीं तीं यादीबाहेर पडत गेलीं. प्राइसनें केलेली बेरीज चुकीची नव्हती. त्याच्या हातीं आलेला कागद माणसें मोजण्यासाठीं झालेलाच नव्हता. तो कर वसूल करण्यासाठीं झालेला होता. ज्याच्यापाशीं कर देण्यासारखें कांहीं नव्हतें, तो त्या कागदाच्या दृष्टीनें जवळजवळ अस्तित्वांतच नव्हता.

चर्चच्या वह्याहि निर्दोष नव्हत्या. फुटीर पंथांच्या मुलांचे बाप्तिस्मे त्यांत सहसा येत नसत. बाप्तिस्म्यापूर्वीं दगावलेलीं अर्भकें त्यांत सांपडत नाहींत. त्यामुळें प्राइसनेंहि आपला हट्ट सोडला नाहीं, आणि वाद अनिर्णीत राहिला.

५. १८०१ ची शिरगणती व मतांची उलटापालट

हा वाद किती अनिर्णीत होता ह्याचा उत्तम पुरावा खुद्द माल्थस ह्याच्या लेखणींतून मिळतो. टॉमस रॉबर्ट माल्थस ह्यानें १७९८ सालीं निनांवी प्रसिद्ध केलेला निबंध, प्रजावृद्धीच्या भीतीचें मूळपीठ म्हणून जगास ठाऊक आहे. पण त्याच निबंधांत प्राइस व हौलेट ह्यांच्या वादाचा उल्लेख करून तो म्हणतो कीं, सत्य बहुधा दोघांच्या मध्यें असावें, तथापि प्राइसचें म्हणणें हौलेटच्या म्हणण्यापेक्षां सिद्ध होण्याच्या अधिक जवळ आलें आहे. म्हणजे प्रजा अन्नापेक्षां वेगानें वाढूं पाहते असा सिद्धान्त मांडणाऱ्याची समजूतहि, आपल्या देशाची प्रजा शंभर वर्षांत अगदीं मंदपणें वाढली, अशीच होती.

१७९५ पासून वाईट पिकें, महागाई व फ्रान्सशीं युद्ध अशी तिहेरी आपत्ति आली. किती तोंडांस अन्न पुरवावयाचें आहे हें सरकारास कळेनासें झालें. जॉन रिकमन ह्यानें शिरगणतीची आवश्यकता दाखविणारा लेख लिहिला, चार्ल्स ॲबट ह्यानें १८०० च्या नोव्हेंबरांत बिल मांडलें, आणि १७५३ सालीं ज्यावर एवढें काहूर माजलें होतें तें बिल वर्षअखेरीस कायदा झालें. १० मार्च १८०१ रोजीं गणती झाली. इंग्लंड व वेल्स मिळून ८८ लक्ष ७२ हजार ९८० माणसें भरलीं. सैन्य व आरमार वेगळें. लोक राहत असलेलीं घरें सुमारें १५ लक्ष ७६ हजार, आणि त्यांत राहणारीं कुटुंबें सुमारें १८ लक्ष ९७ हजार निघालीं. घरें व कुटुंबें ह्यांत तीन लक्षांहून अधिक फरक! वीस वर्षें चाललेल्या वादाचें एक मूळ ह्या एका फरकांत उघडें पडलें. १७७७ च्या यादींतील साडेनऊ लक्षांचा आंकडा किती अपुरा होता हेंहि दिसून आलें.

पुढील गणतींत १८११ सालीं १ कोटि २ लक्ष, १८२१ सालीं १ कोटि २० लक्ष, १८३१ सालीं १ कोटि ३९ लक्ष असे आंकडे आले, आणि भीतीनें दिशा बदलली. १७९६ सालीं मुख्य प्रधान पिट हा मोठ्या कुटुंबाच्या गरिबास सरकारी साह्य हक्कानें व सन्मानानें मिळावें असें पार्लमेंटांत सांगत होता. मुलांच्या संख्येप्रमाणें मजुरीस पुरवणी देण्याची रीत १७९५ पासून बर्कशायर परगण्यांत सुरू झाली होती. परंतु थोड्याच वर्षांत हेंच साह्य लवकर लग्नें व अधिक मुलें ह्यांस उत्तेजन देतें म्हणून दूषणास्पद ठरलें, आणि १८३४ च्या कायद्यानें धडधाकट गरिबाचें साह्य शक्य तितकें अनाथगृहाच्या भिंतीआड नेण्यांत आलें. प्राइसच्या यादींत ज्या झोपडीला जागा मिळाली नव्हती, तीच झोपडी आतां प्रजेच्या अतिरेकाचें मूळ म्हणून गणली गेली. आंकडे बदलले, मतें उलटलीं. पण दोन्ही वेळां त्या झोपडींत खरोखर काय घडत आहे ह्याची चौकशी फारशी झाली नाहीं.

६. वाढ कशामुळें झाली ?

लोकसंख्या वाढते ती जन्म वाढल्यानें, मृत्यु घटल्यानें किंवा बाहेरून माणसें आल्यानें. अठराव्या शतकांतील वाढ ह्यांपैकीं कोणत्या कारणानें झाली ह्याविषयीं पुढील इतिहासकारांत दीर्घकाळ मतभेद होता. १९२६ सालीं ग्रिफिथ ह्याच्या ग्रंथानें, दवाखाने, वैद्यक व स्वच्छता ह्यांमुळें मृत्यु घटले, हें मत दृढ केलें. पुढें १९५३ सालीं हबाकुक ह्यानें जन्मांकडे लक्ष वेधलें, आणि १९५५ सालीं मॅक्किओन व ब्राउन ह्यांनीं त्या काळचे दवाखाने एवढे जीव वांचविण्यास समर्थ नव्हते असें दाखविलें.

ह्या प्रश्नाचा उलगडा शेवटीं त्याच चर्चांच्या वह्यांनीं केला. केंब्रिज येथें १९६४ सालीं स्थापन झालेल्या संशोधक-मंडळानें ४०४ पॅरिशांतील वह्यांच्या नोंदी, अनेक हौशी स्थानिक अभ्यासकांच्या साह्यानें, महिनावार उतरवून घेतल्या. रिग्ली व स्कोफील्ड ह्यांनीं त्यांवरून १५४१ पासूनची इंग्लंडची लोकसंख्या मागें मागें जात सिद्ध केली व आपला ग्रंथ १९८१ सालीं प्रसिद्ध केला. त्यांच्या हिशोबाप्रमाणें, वेल्स वगळून, इंग्लंडची लोकसंख्या १६८६ सालीं सुमारें ४९ लक्ष, १७५१ सालीं ५८ लक्ष, १७८१ सालीं ७० लक्ष व १८०१ सालीं ८७ लक्ष होती. प्राइस ज्या वेळीं घट सिद्ध करीत होता त्याच वेळीं वाढीचा वेग चढत होता. घट झाली होती ती त्याच्या पूर्वीं, १६५६ पासून १६८६ पर्यंतच्या तीस वर्षांत.

वाढीचें मुख्य कारण जन्म, हें ह्या ग्रंथाचें विशेष फलित होय. जन्माचें प्रमाण सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत हजारीं सुमारें ३० होतें, तें एकोणिसाव्याच्या आरंभीं सुमारें ४० पर्यंत चढलें. मृत्युहि घटले, पण वाढींत जन्मांचा वाटा मृत्यूंच्या घटीच्या सुमारें अडीचपट निघाला. आणि जन्म वाढले ते विवाहित स्त्रियांस पूर्वीपेक्षां भराभर मुलें होऊं लागलीं म्हणून नव्हे. स्त्रियांचें प्रथम विवाहाचें सरासरी वय सुमारें २६ होतें, तें २३-२४ वर आलें, आणि आजन्म अविवाहित राहणाऱ्यांचें प्रमाण घटलें. दोन-तीन वर्षें लग्न अलीकडे आलें म्हणजे प्रत्येक संसारांत एखादें मूल वाढतें, व पिढीहि लवकर पालटते. शतकभर हें लक्षावधि घरांत घडलें कीं राष्ट्राचा आंकडा बदलतो. पूर्वीं तरुणतरुणी वर्षानुवर्षें शेतकऱ्याच्या घरीं चाकरीस राहून पैसा सांठवीत व मगच संसार थाटीत. रोजमजुरीचें व गृहोद्योगाचें काम वाढल्यावर ही वाट पाहण्याची गरज कमी झाली, असें स्पष्टीकरण कित्येक विद्वान् देतात. मजुरीचे दर व विवाह ह्यांच्या नेमक्या संबंधाविषयीं मात्र त्यांच्यांत अजून एकवाक्यता नाहीं.

विवाह लांबणीवर टाकणें हा प्रजावृद्धीवरचा लगाम आहे, असें माल्थसनेंच सांगितलें होतें. तो लगाम त्याच्याच देशांत, त्याच्याच हयातींत ढिला होत होता. पण १७९८ सालीं त्याच्यापुढें असलेल्या आंकड्यांत तें दिसत नव्हतें.

७. महाराष्ट्राशीं संबंध

ह्या वादाचा एक धागा आपल्याकडेहि येतो. माल्थस हा १८०५ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १८३४ पर्यंत, ईस्ट इंडिया कंपनीच्या कॉलेजांत अर्थशास्त्राचा अध्यापक होता. हेलिबरी येथील ह्या कॉलेजांतून निघालेला त्याचा शिष्य रॉबर्ट कीथ प्रिंगल ह्यानेंच पेशवाई बुडाल्यानंतर दख्खनच्या जमिनींची पाहणी करून, खर्चवेंच वजा जातां उरणाऱ्या उत्पन्नाच्या शेंकडा ५५ प्रमाणें धारा ठरविला. तत्त्व शुद्ध होतें, पण ज्या मोजणीवर तें उभारलें तीच सदोष होती. कुळांस धारा झेपेना, आणि १८३६ सालीं इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड व विंगेट ह्यांस नवी पद्धति घालावी लागली.

दुसरी गोष्ट शब्दाची. शिरगणतीस आपल्याकडे ‘खानेसुमारी’ हा शब्द रूढ होता. खाने म्हणजे घरें. सुमारी म्हणजे गणती. नांवच सांगतें कीं मोजलीं जात तीं घरें. आपल्या जुन्या दप्तरांतील घरपट्टीच्या वा मोहतर्फ्याच्या यादींवरून एखाद्या कसब्याची लोकसंख्या काढूं पाहणाऱ्यानें, प्राइसची चूक डोळ्यांपुढें ठेवून, प्रथम हें विचारावें कीं, यादी कशासाठीं झाली? ‘घर’ म्हणजे वाडा कीं बिऱ्हाड? कर कोणास माफ होता? ह्या प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्यावांचून घरांस पांचांनीं गुणणें व्यर्थ होय. गोव्यांतील ख्रिस्ती गांवांत चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह व दफन ह्यांच्या वह्या आहेत. त्यांचा उपयोग केंब्रिजच्या धर्तीवर अधिक व्हावयास पाहिजे.

इंग्लंडचें कारण मात्र सरसकट इकडे लावूं नये. १९११ सालीं आजच्या भारताच्या हद्दींतील लोकसंख्या २५ कोटि २० लक्ष होती. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या सांथीमुळें ती १९२१ सालीं २५ कोटि १० लक्षांवर उतरली, आणि १९३१ सालीं २७ कोटि ९० लक्ष झाली. १९११ ते १९२१ ह्या दशकांत हजारीं सुमारें ४८ जन्म व ४७ मृत्यु होते. पुढील दशकांत जन्म सुमारें ४६ व मृत्यु ३६. म्हणजे येथें जन्म वाढले नाहींत, मृत्यु घटले. विवाह लवकर व सार्वत्रिक असल्यामुळें इंग्लंडांतील लगाम येथें पूर्वीपासूनच नव्हता. मुंबईंत र. धों. कर्वे ह्यांनीं १९२१ सालीं संततिनियमनाचें केंद्र काढलें, तें नेमकें शिरगणतींत घट दिसली त्या सालीं. त्यांच्या कार्याचें मर्म केवळ राष्ट्राच्या आंकड्यांत नव्हतें, स्त्रियांच्या आरोग्यांत व सुखांत होतें, हें यावरून ध्यानांत यावें.

सारांश, इंग्लंडांतील ह्या वादापासून तीन गोष्टी निष्पन्न होतात. प्रजेच्या वाढीविषयींचें मत बनविण्यापूर्वीं वाढ झाली कीं नाहीं हें पाहिलें पाहिजे. वाढ झाली असें ठरल्यावर ती जन्मांनीं कीं मृत्यूंच्या घटीनें, हें निराळें सिद्ध केलें पाहिजे. आणि ज्या कागदावरून हें सिद्ध करावयाचें तो कोणी, कशासाठीं लिहिला व त्यांत कोण गाळला गेला, हें सर्वांच्या आधीं विचारलें पाहिजे. प्राइस चुकला तो ह्या तिसऱ्या प्रश्नावर. आणि ज्यांना मोजण्याची कोणास गरज वाटली नाहीं, अशा माणसांनींच त्याचा निर्णय खोटा ठरविला.